तांडेलाचं मनगट

बोईसरजवळच्या मुरबे गावात खोली बघायला गेलो तेव्हा घरमालकांनी भाड्याचं काही काढलंच नाही. ओटीवरच्या खुर्चीत बसून त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि विचारलं, "तुमची सासुरवाडी कुठची?"

"विट्याजवळ. सांगली जिल्हा."

"तिकडं समुद्र हाय?"

"नाही."

"सासऱ्याची होडी?"

"समुद्रच नाही तर होडी कुठली?"

"खाडीत पन होडी असते," ते म्हणाले. मग बराच वेळ विचार करून, "बरं, चालंल. सामान आना."

बोईसरला एका रसायनांच्या कारखान्यात मी उपकरणं तपासायचं काम करतो. तापमान आणि दाब दाखवणारी यंत्रं खरं सांगतात की थापा मारतात, हे बघायचं. म्हणजे संशय घेण्याचाच पगार. पण घरमालकांपुढे मी अजून बालवाडीत होतो. गावात त्यांना सगळे तांडेलच म्हणत. तांडेल म्हणजे होडीचा कर्ता माणूस, जाळं कुठे आणि कधी टाकायचं हे ठरवणारा. वय सत्तरीकडे झुकलेलं, अंगात गंजीफ्रॉक, गुडघ्यापर्यंत लुंगी आणि डोळे सतत कुणाच्या तरी हातावर. माणूस बोलायला लागला की ते त्याच्या तोंडाकडे बघतच नसत. "तोंड कोनाचं पन गोड असतं," ते म्हणत. "हात काय करतो ते बघावं."

विजेचं मीटर बघायला आलेल्या माणसाला ते आधी स्वतः आकडा वाचून दाखवायला लावत, मग स्वतः वाचत, मग त्याला परत वाचायला लावत. घरात मिक्सर आला तेव्हा चार दिवस तो फडक्यात गुंडाळून ठेवला होता. काकींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, का म्हणून विचारलं तर म्हणाले, "राहू दे. आधी त्याची वागनूक बघू." फडक्यात गुंडाळलेला मिक्सर कसली वागणूक दाखवणार, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. हवामानाच्या बातम्यांचीही तीच गत. वादळ सांगितलं तर एकदा आभाळ बघायचं आणि नाही सांगितलं तर दोनदा.

या सगळ्या संशयाच्या मुळाशी होत्या त्यांच्या जागा. मी घाटावरचा माणूस. मला समुद्र म्हणजे सगळीकडे सारखंच पाणी वाटायचं. तसं नसतं हे मला हरेशने समजावलं. हरेश तांडेलांचा एकुलता एक मुलगा, पस्तिशीचा, दिलदार गडी, ज्याच्या पोटात काही राहत नाही असा. तो म्हणाला, "पान्याखाली खडक हायत, दादा. खडकाच्या कडेला दाढा मिळतो, घोळ मिळते, समदी भारी भावाची मासळी. कडेला जाळं टाकलं तर मासळी, जरा आत टाकलं तर जाळ्याच्या चिंध्या. ती कड कुठं हाय, ते फक्त बाबांना ठाव हाय."

अशा अकरा जागा तांडेलांकडे होत्या. काही त्यांच्या बापाकडून आलेल्या, काही त्यांनी स्वतः जाळी फाडून घेऊन शिकलेल्या. होडीवर जीपीएसची पेटी होती, पण एकदा ती बिघडली, पालघरला दुरुस्तीला दिली आणि पुढच्या हंगामात एक परकी होडी थेट त्यांच्या जागेवर उभी दिसली. दुरुस्तीवाल्याने पेटीतले अक्षांश-रेखांशाचे आकडे काढून दिले याला पुरावा काही नव्हता. तांडेलांना पुरावा लागत नसे. तेव्हापासून ते पेटीत आकडे घालायचे, जागेवर पोचायचे आणि लगेच पुसून टाकायचे. खलाशांचे मोबाईल घरी ठेवायला लावायचे. हरेशलाही मागे इंजिनाजवळ बसवायचे, सगळ्यांकडे पाठ करून स्वतः पेटीपुढे उभे राहायचे.

"सख्ख्या मुलालाही नाही सांगत?" मी एकदा विचारलं.

"मुलगा माजा हाय. त्याची सासुरवाडी माजी नाय. व्याह्याच्या दोन होड्या हायत खाडीपल्याड सातपाटीला. हा जेवाय बसला की सगळं ओकतो."

तेव्हा मला सासुरवाडीच्या त्या पहिल्या प्रश्नाचा उलगडा झाला.

त्यांच्या मनगटावर पुढे जो पट्टा आला तो माझ्यामुळे. सुरक्षा सप्ताहात कंपनीने आम्हा सगळ्यांना मनगटावर घालायचा एकेक रबरी पट्टा वाटला होता. पिवळाधमक. टोक ओढलं की आत पेन ड्राइव्ह, आणि वर छापलेलं 'आधी सुरक्षा'. दुसऱ्या दिवशी तो घालून आम्ही कामावर गेलो तर गेटवरच्या सिक्युरिटीवाल्याने अडवलं. पेन ड्राइव्ह आत न्यायला बंदी. कंपनीनेच दिलाय म्हटलं तर तो म्हणाला, "दिया होगा साब, अंदर लाने को थोड़ी दिया." सगळ्यांचे पट्टे गेटवरच्या खोक्यात पडले. संध्याकाळी मी माझा घरी आणला आणि ओटीवर तांडेलांनी तो नेमका पाहिला.

"ह्ये काय?"

"माहिती साठवायचं. गाणी, फोटो, आकडे, काय पाहिजे ते."

"आकडे?" ते सावरून बसले. "किती मावतात?"

"अख्खं मुरबे मावेल. वर सातपाटी."

"सातपाटी नको," ते म्हणाले. "पान्यात चालतं?"

"थोडंफार भिजलं तर चालतं."

"अंगावरून काढाय नाय लागत?"

"नाही. कुणाला न्यायचं तर हात तोडून न्यावा लागेल."

यावर त्यांनी गंभीरपणे विचार केला. "तेवढं कोन करनार नाय," ते म्हणाले. "व्याही पन नाय."

पट्टा मी त्यांना देऊन टाकला. मला गंमत वाटली होती. त्यांना ती गंमत वाटली नव्हती, हे आठ दिवसांनी कळलं. एका रविवारी दुपारी ते माझ्या खोलीत आले आणि दार लावून घेतलं. माझ्या बायकोला काकींकडे पाठवलं. माझा मोबाईल मागून घेतला, स्वयंपाकघरात जाऊन तांदळाच्या डब्यात खुपसला आणि डब्यावर झाकण ठेवलं. मग माझ्यासमोर बसून खालच्या आवाजात म्हणाले, "डोकं गळाय लागलं, साहेब. परवा होडीवर हुबा ऱ्हायलो आन् चवथी जागा आठवंना. बाजूला खलाशी हुबे. इंजिन बिघडलं म्हनून सांगितलं आन् परत फिरलो."

हे सांगताना पहिल्यांदाच ते माझ्या तोंडाकडे बघत होते. मला एकदम भडभडून आलं. इतका वेळ मनात हसत होतो त्याची लाज वाटली.

"हरेशला सांगून ठेवा ना," मी म्हटलं.

"त्याला सांगायचं तर समुद्रावर बोर्ड लावलेला बरा."

मग त्यांनी पट्टा काढला. अकरा जागांचे आकडे त्यांनी तोंडाने सांगायचे, मी लॅपटॉपवर टाइप करायचे, पट्ट्यात भरायचे आणि लॅपटॉपमधून पुसायचे असं ठरलं. डोळे मिटून ते एकेक आकडा सांगत. प्रत्येक आकड्याआधी ओठ हलवून काहीतरी पुटपुटत, मगच सांगत. म्हाताऱ्या माणसाला आठवायला वेळ लागत असेल, असं मी समजलो. आकडा सांगून झाला की मी बरोबर टाइप केलाय का ते पडद्यावर बघत आणि मग माझ्या बोटांकडे.

काम संपत आलं तेवढ्यात अंगणात वाळत घातलेल्या बोंबलांवर मांजर चढलं. काकींनी हाक मारली आणि तांडेल काठी घेऊन बाहेर धावले. अर्धं मिनिटही लागलं नसेल. तेवढ्यात मी ती फाइल लॅपटॉपच्या कडेला घातलेल्या नखाएवढ्या मेमरी कार्डावर उतरवून घेतली.

का घेतली, हे मी स्वतःला अनेकदा विचारलंय. आमच्या खात्यात एका प्रतीवर कुणी भरवसा ठेवत नाही हे एक कारण. तो रबरी पट्टा कधीतरी दगा देणार हे मला दिसत होतं, हे दुसरं. ही दोन्ही कारणं खरी आहेत आणि दोन्ही सांगायला बरी आहेत. तिसरं कारण असं की मला राग आला होता. ज्याच्यासाठी रविवारची झोप मोडली तो माझा मोबाईल तांदळात पुरतो, म्हणजे मला चोर समजतो. मग होऊ या चोर, असं त्या क्षणी वाटलं. ते आत आले तेव्हा माझे हात मांडीवर होते.

"पुसा आता," ते म्हणाले. मी पुसलं. "कचऱ्याच्या डब्यातून पन काढा." एवढं त्यांना कुणी शिकवलं होतं देव जाणे. मी तेही केलं.

"आता कुलदैवताची शपथ घ्या की तुमच्याकडं काय ऱ्हायलं नाय."

मी शपथ घेतली. जीभ जरासुद्धा अडखळली नाही.

त्या दिवसापासून पट्टा त्यांच्या हातावरून उतरला नाही. अंघोळीला हातावर, होडीवर हातावर, मासळी निवडताना हातावर. पिवळा रंग दोन महिन्यांत मळून गेला. डोळ्याच्या तपासणीला पालघरला गेले तेव्हा नर्सने काढायला सांगितला तर ते तपासणी न करताच परत आले. गावात नाना तर्क सुरू झाले. कुणी म्हणे साखरेच्या रोगाचं यंत्र आहे, कुणी म्हणे मोखाड्याच्या भगताने मंतरून दिलंय. तांडेलांनी दोन्ही खरं म्हणून मान डोलावली.

पुढे त्यांना वाटायला लागलं की एकच वस्तू अंगावर दिसली तर चोराला नेमकं कळेल. म्हणून त्यांनी आणखी घेतल्या. बोईसरच्या बाजारातून गळ्यातल्या लॉकेटसारखा पेन ड्राइव्ह आणला. किल्लीच्या आकाराचा एक मागवून करगोट्याला बांधला. या खोट्या ठेवींमध्ये काय भरायचं तर एकात आरत्या, दुसऱ्यात हरेशच्या लग्नाचं शूटिंग. तिसरं एक कड्यासारखं होतं, ते बाजारातल्या फेरीवाल्याने "असली माल है चाचा" म्हणून त्यांच्या गळ्यात मारलं. मी लॅपटॉपला लावून पाहिलं तर आत काहीच नव्हतं. नुसता पत्रा आणि प्लास्टिक. अख्ख्या जगावर संशय घेणाऱ्या माणसाला एका फेरीवाल्याने दोन मिनिटांत गंडवलं होतं. मी हसलो तर म्हणाले, "बरं झालं. चोर पन गंडंल."

अशा वस्तूंचा खरंच उपयोग आहे का, असं मला तेव्हा कुणी विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं. बघा, म्हातारा माणूस, आठवण जात चाललेली, आणि सगळा जन्म मनगटावर घेऊन निवांत झोपतोय. तांडेलांना मात्र त्यातही खोट दिसायची. एकदा पट्ट्यावरून बोट फिरवत ते मला म्हणाले, "डबा माज्या हातात हाय, पन उघडाय तुमच्याकडंच याय लागतं. म्हंजी खरा मालक कोन?" मी विषय बदलला.

पावसाळ्यात, मासेमारी बंद असताना, एका सकाळी ते न्हाणीघरात कोसळले. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. बोईसरच्या दवाखान्यात नर्सने पहिल्यांदा तो पट्टा कापून काढला. खालची कातडी पांढरी पडली होती आणि मनगट लहान मुलाचं असावं तसं बारीक दिसत होतं. मी मान फिरवली.

महिन्याभराने त्यांना घरी आणलं. उशीला टेकवलं की बसत, डाव्या हाताने पेज खात, घशातून आवाज काढत. आम्ही बोलतो ते त्यांना कळत होतं. पण त्यांच्या तोंडून शब्द फुटत नव्हता आणि डाव्या हाताने काढलेल्या रेघांना काही अर्थ नव्हता.

नारळी पौर्णिमा झाली, होड्या निघाल्या. हरेश पहिल्यांदाच बापाशिवाय गेला. पहिली फेरी रिकामी, दुसरी जवळजवळ रिकामी. खलाशी दुसऱ्या होडीवर जायच्या गोष्टी करायला लागले. एका संध्याकाळी तो माझ्या दारात उभा राहिला. हातात तो कापलेला पट्टा, लॉकेट, किल्ली आणि कडं.

"दादा, ह्यातून काय निघंल का?" तो म्हणाला. "आनखी दोन फेऱ्या अशा गेल्या तर होडी किनाऱ्याला वढून ठेवाय लागंल. मग तुमच्या कंपनीत मला कुठं चिकटवा. झाडू माराय पन चालंल."

बापजाद्यांपासून समुद्रावर असलेला माणूस माझ्याकडे झाडूचं काम मागत होता. मी लॉकेट लावलं, आरत्या सुरू झाल्या. किल्ली लावली, त्याचंच लग्न दिसायला लागलं. मुंडावळ्या बांधलेला हरेश आणि मागे व्याह्याकडे रोखून बघणारे तांडेल. त्यातही तो हसला. मग पट्टा काढला. टोकाची पितळी पट्टी हिरवी पडली होती. घाम, खारं पाणी, मासळीचं पाणी, सगळं आत गेलं होतं. मी ती घासली, पुसली, लॅपटॉपला लावली. कारखान्यात नेऊन आमच्या खात्यातल्या जाणत्याला दाखवावी म्हटलं तर गेटवर अडवणार. त्या जाणत्यालाच दुसऱ्या दिवशी घरी आणलं. तो म्हणाला, "गया. इसमें कुछ नहीं बचा."

तेव्हा हरेशही आला होता. त्याने लॉकेट, किल्ली आणि कडं परत गोळा केलं. माझ्यासमोर दोनच रस्ते होते. गप्प राहिलो असतो तर माझी शपथ खोटी होती हे कुणाला कळलं नसतं, पण होडी किनाऱ्यालाच पडून राहिली असती.

"माझ्याकडे आहेत आकडे," मी म्हटलं. "मी चोरून ठेवले होते."

तो चिडेल असं वाटलं होतं. त्याने मला मिठी मारली. "देवानं बुद्धी दिली तुमाला!" तो म्हणाला आणि रडायला लागला. मला ती मिठी नकोशी झाली. दोन शिव्या चालल्या असत्या.

अकराही जागा आम्ही होडीवरच्या पेटीत घातल्या. घरात कुणाला सांगितलं नाही. हरेशच म्हणाला, "बाबांना आत्ता नको. मासळी घेऊन येतो, मग सांगतो."

तिसऱ्या दिवशी होडी परत आली ती जाळ्याच्या चिंध्या घेऊन. पहिल्या जागेवर जाळं टाकलं ते खडकात अडकलं. हरेशला वाटलं प्रवाहाने सरकलं असेल, म्हणून दुसऱ्या जागेवर टाकलं. तिथेही खडक. ओढून काढताना दोर त्याच्या हातावरून घसरला आणि तळव्याची सालटं निघाली. काकी बंदरावर होत्या. त्यांनी मुलाचा हात पाहिला, जाळं पाहिलं आणि खलाशांकडून सगळं ऐकून सरळ माझ्याकडे आल्या.

"भाऊ, आकडे तुमी दिले?"

"हो."

"खरे कोनाला दिलेत मग?"

मी शपथ मोडली होती हे खरं, पण आकडे कुणाला विकले नव्हते, बदललेही नव्हते. आणि हे मी कुठल्या तोंडाने सांगणार? चोराने आपण प्रामाणिक चोर आहोत असं सांगितलं तर कोण ऐकतं? बंदरावरच्या बायका मासळी निवडायच्या थांबल्या होत्या. हरेशने पहिल्यांदाच माझ्या हातांकडे पाहिलं.

"तांडेलांनाच विचारू," मी म्हटलं. "माझ्यासमोर विचारू."

लॅपटॉप घेऊन आम्ही त्यांच्या खाटेजवळ गेलो. मी पडदा त्यांच्यासमोर धरला. अकरा ओळी. त्यांनी त्या वाचल्या, मग लॅपटॉपकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ही प्रत कुठून आली हे त्यांना लगेच कळलं. आणि ते हसायला लागले. अर्धंच तोंड हसत होतं, पण पोट गदागदा हलत होतं आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. माणूस ओळखायला आपण चुकलो नाही याचा एवढा आनंद मी कुणाच्या चेहऱ्यावर पाहिलेला नाही.

हरेश पुढे झाला. "बाबा, ह्ये आकडे तुमी मुद्दाम खोटे सांगितले?"

त्यांनी मान हलवली. हो.

"चोर खडकावर जावा म्हनून?"

पुन्हा हो. हसू अजून थांबलं नव्हतं.

"मी गेलो, बाबा," हरेश म्हणाला आणि त्याने फडकं बांधलेला हात त्यांच्यापुढे धरला. "जाळं गेलं."

हसू तिथेच थांबलं. त्यांनी डाव्या हाताने मुलाचा हात धरला, फडकं बाजूला करायला बघितलं, जमलं नाही. घशातून एक आवाज आला. तो कसला होता हे सांगायला नको. काकींनी पदर तोंडाला लावला. मला तिथून निघून जावंसं वाटत होतं. त्या दुपारी ते ओठ हलवून का पुटपुटत होते हे मला आता कळलं. खरा आकडा मनात धरून त्यात ते काहीतरी मिळवत होते.

"किती मिळवले होते?" मी विचारलं. "तेवढं सांगा, बाकीचं मी करतो."

त्यांनी डावा हात वर केला. तीन बोटं. मग पाच. मग परत तीन, मग दोन. मग हात तसाच हवेत राहिला आणि ते आपल्याच बोटांकडे बघायला लागले, बोटं दुसऱ्या कुणाची असावीत तसे. मुलापासून, व्याह्यापासून, माझ्यापासून इतकी वर्षं राखलेली गोष्ट त्यांच्याच डोक्यातून कुणीतरी काढून नेली होती, आणि या खेपेला संशय घ्यायला समोर कुणी नव्हतं. त्यांच्या डोळ्यांत मी पहिल्यांदा भीती पाहिली.

काकी म्हणाल्या, "राहू दे आता. निजू दे त्यांना."

पण ते निजले नाहीत. त्यांनी हरेशचा सदरा पकडला आणि दाराकडे, बंदराच्या दिशेने हात केला. एकदा, दोनदा, दहा वेळा. शेवटी त्याच हाताने खाटेची कड धरून उठायला लागले.

"होडीवर?" हरेशने विचारलं.

हो.

काकींनी आकाशपाताळ एक केलं. डॉक्टरांची भीती घातली, देवाची घातली, स्वतःची शपथ घातली. काही चाललं नाही. दोन दिवसांनी, समुद्र शांत बघून, चार खलाशांनी त्यांना ओटीवरच्या खुर्चीसकट उचललं आणि होडीवर नेऊन ठेवलं. काकींच्या चुलत भावाकडून जुनं जाळं मागून आणलं होतं. खुर्ची दोराने डोलकाठीला बांधली. हरेश सांगत होता, पूर्वी पेटी नव्हती तेव्हा सगळे तांडेल जमिनीकडे बघून जागा काढायचे. काळदुर्ग किल्ल्याचा माथा आणि तारापूरच्या अणुवीज केंद्राची चिमणी एका रेषेत आली, मग दुसऱ्या बाजूला अमुक झाड आणि तमुक टेकडी, की समजायचं आलो. "आकडे गेले असतील, पन डोळं तर हायत," तो म्हणाला. खरं असेल की नाही कुणाला ठाऊक. मला तरी तेव्हा शंकाच होती.

मीही होडीवर चढायला निघालो. निदान त्यांना धरायला एक माणूस, असं मी म्हटलं. खुर्चीतून तांडेलांचा डावा हात वर आला, तळवा माझ्याकडे. थांब.

हरेशने बापाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "तुमी नका येऊ, दादा," तो म्हणाला. त्याला ते बोलणं जड गेलं, हे मला दिसलं. मी किनाऱ्यावर थांबलो. मनातून लागलं. आणि लागायचा मला काही हक्क नव्हता, हेही कळत होतं. बघता बघता होडी खाडीच्या तोंडाबाहेर गेली. खलाशांनी मोबाईल काकींच्या टोपलीत काढून ठेवले होते. होडी गेल्यावरही ते आत वाजत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी होडी दिसली. मी सुट्टी टाकून बंदरावर येऊन बसलो होतो. काकी सकाळपासून तिथेच होत्या. होडी लागली तशी आधी खुर्ची उतरवली. तांडेलांचा चेहरा उन्हाने काळवंडला होता, मान एका बाजूला कलली होती, पण डोळे उघडे होते. काकींनी त्यांच्या कपाळावर हात ठेवला आणि मोठ्याने रडल्या. मागून खलाशी टोपल्या उतरवायला लागले. हाताएवढे दाढे, एक टोपली, दुसरी, तिसरी. चौथीत घोळ होती, तिची शेपटी बाहेर लोंबत होती. जाळं होडीच्या टोकाला नीट घडी घालून ठेवलेलं होतं, कुठे फाटलेलं दिसत नव्हतं.

हरेश शेवटी उतरला. तो माझ्याकडे येऊन मिठी मारेल, सगळं पहिल्यापासून सांगेल, कुठून निघालो, बाबांनी कसा हात केला, कुठल्या टेकडीवर कुठलं झाड आलं, असं मला वाटलं होतं. तसाच होता तो.

"सापडली जागा?" मी विचारलं.

त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं नाही. त्याची नजर माझ्या हातांवर होती.

"नाय ओ, दादा," तो म्हणाला. "अंदाजानं टाकलं जाळं. नशीब."

आणि बापाची खुर्ची उचलायला तो पुढे गेला.